परिच्छेद चौदा वगळता

रविवारच्या जेवणाला थोरला येणार नाही अशी सगळ्यांची अटकळ होती, आणि झालं भलतंच. तो सगळ्यांच्या आधी येऊन बसला. बसला तरी कसला, येरझारा घालत होता. काखेत वर्तमानपत्राची घडी आणि चेहरा तापलेला. वहिनी आली नव्हती. असल्या जेवणांच्या दिवशी तिचं डोकं नेमकं दुखायचं, आणि या घरात लग्न करून आलेली सगळ्यात शहाणी बाई तीच, असं आत्याचं जुनं मत होतं.

मधली दारातून आत आली आणि त्यानं तोंड उघडलं. तो दंतवैद्य. दिवसभर लोकांना 'आ' करायला लावायचं आणि आपण बोलत राहायचं, समोरून उत्तर येत नाही. घरी मात्र समोरची तोंडंही मोकळी असतात, हे त्याला इतक्या वर्षांत पचलेलं नव्हतं.

"या, न्यायमूर्ती! बापाचं नाव पुसून दमला असाल. बसा."

"दादा, पर्स तरी ठेवू दे."

"हे वाच आधी." त्यानं पेपर टेबलावर पसरला. मधलीचा फोटो, त्याखाली बाबांचा काळ्या झग्यातला जुना फोटो, आणि वर ठळक अक्षरांत: 'वडिलांचा निकाल लेकीनं मोडीत काढला'. "काल दिवसभरात तीन पेशंटांनी विचारलं. तोंडात कापूस असताना विचारलं, मधले! मी काय सांगू लोकांना?"

"कापूस बदला म्हणावं," धाकटा सोफ्यावरून म्हणाला. त्याला घरात शेंडूच म्हणत, शेंडेफळ म्हणून. शाळाशाळांमधल्या फुटबॉलच्या सामन्यांत तो पंच असे, आणि गुडघे कुरकुरायला लागले तरी अजून धावत असे.

मधलीनं पेपरकडे पाहिलंही नाही. तिनं आत्याला हळूच विचारलं, "बाबा?"

"खोलीत." आत्या टेबलावर ताटं मांडत होती. बाबांची थोरली बहीण ती. आई गेली तेव्हा शेंडू शाळेतसुद्धा जात नव्हता. तेव्हा आत्या चार दिवसांसाठी म्हणून आली आणि ते चार दिवस अजून संपले नव्हते. "शुक्रवारी संध्याकाळी शेंडूकडून सगळं छापून आणवलं. तेव्हापासून खोलीत आहे. चष्म्यावर भिंग धरून वाचतोय."

"काही बोलले?"

"बोलला ना. मीठ कमी आहे म्हणाला."

मधली खुर्चीत बसली. कोर्टात ती कशालाही बिचकत नसे. पण शुक्रवारपासून तिनं तीनदा फोन केला होता आणि तिन्ही वेळा आत्यानं 'वाचतोय' म्हणून ठेवून दिला होता. पेपर काय छापतो, दादा काय ओरडतो, याचं तिला सोयरसुतक नव्हतं. बाबा पुन्हा आपल्याशी पूर्वीसारखं बोलतील की नाही, एवढी एकच धास्ती घेऊन ती आली होती.

झालं होतं ते असं. बाबा अपील कोर्टात होते, त्याला आता तीसेक वर्षं झाली. तेव्हा त्यांच्यापुढे एका बाईचं प्रकरण आलं. घड्याळं दुरुस्त करणारा एक एकटा म्हातारा; खाली दुकान, वर घर. या बाईनं त्याला मरेपर्यंत सांभाळलं. नातं नाही, पगार नाही. तो गेला आणि पुतण्यांनी तिला बाहेर काढलं. 'माझ्यामागंही तू इथंच राहा, असं ते म्हणाले होते,' असं तिचं म्हणणं. बाबांनी तिचं अपील फेटाळलं आणि एक वाक्य लिहिलं: सेवेतून हक्क निर्माण होत नाही. वाक्य सुटसुटीत होतं, पाठ व्हायला सोपं. खालच्या कोर्टांनी ते पाठ केलं, आणि तेव्हापासून ते कितीजणींना दार दाखवायला उपयोगी पडलं देव जाणे. शुक्रवारी तीन न्यायमूर्तींच्या खंडपीठानं दुसऱ्याच एका बाईच्या अपिलात ते वाक्य कायमचं रद्द केलं. त्या तिघांत सगळ्यात कनिष्ठ मधली.

पहिल्याच दिवशी तिनं भर कोर्टात सांगितलं होतं, की तो जुना निकाल माझ्या वडिलांचा आहे, कोणाची हरकत असेल तर मी बाजूला होते. दोन्ही वकिलांनी हरकत नाही म्हटलं. तिला तेव्हा जरा अभिमानच वाटला होता, खोटं कशाला बोला.

"मतभेद लिहायचा होतास," थोरला म्हणाला. "दोघे एकीकडे, तू एकीकडे. निकाल त्यांचाच लागला असता, पण लेक बापाच्या बाजूनं उभी राहिली एवढं तरी छापून आलं असतं."

"बाबांचं वाक्य चूक होतं, दादा."

"असेल! म्हणून तू म्हणायचं? आपलेच दात आणि आपलेच ओठ!"

"दाताचं तुला जास्त कळतं," आत्या म्हणाली. "पण पोरीनं बरोबर केलं. मला ते वाक्य कधीच आवडलं नव्हतं."

"आत्या, तू पण?"

"मी पण म्हणजे? मला काय तोंड नाही?"

"बघ, घरात दोन मतं पडली," शेंडू म्हणाला. "आता मी शिट्टी वाजवू का?"

मधलीकडे बोलण्यासारखं जे होतं ते सांगायची सोय नव्हती. न्यायमूर्तींच्या दालनात काय चर्चा होते ते बाहेर काढायचं नाही, हे बाबांनीच तिला शिकवलं होतं. नाहीतर तिनं दादाला सांगितलं असतं, की ती निकाल लिहिणाऱ्या वरिष्ठांच्या दालनात गेली होती, मसुद्यातल्या एका परिच्छेदावर बोट ठेवून म्हणाली होती, एवढा काढाल का? ते म्हणाले होते, 'त्यात खोटं काय ते सांगा, लगेच काढतो.' तिला सांगता आलं नव्हतं.

"पण थांब हं," शेंडूनं फोनवर निकालपत्र उघडलं होतं आणि तो शेवटच्या पानावर पोचला होता. "ते तिसरे न्यायमूर्ती नुसतंच 'मी सहमत आहे' म्हणालेत. आणि ताईनं लिहिलंय, 'परिच्छेद चौदा वगळता मी सहमत आहे.' हे चौदाचं काय प्रकरण आहे?"

सगळ्यांनी एकदम मधलीकडे पाहिलं. बाहेरच्यांना यात काही वाटलं नसतं. पेपरवाल्यालाही वाटलं नव्हतं. पण ही मुलं या भाषेवर वाढली होती. लहानपणी जेवताना बाबा त्यांना निकालांची शेवटची पानं वाचून दाखवत. नुसतं 'सहमत' म्हणणाऱ्यानं एकतर सगळं वाचलेलं असतं, नाहीतर काहीच नाही, असं ते सांगत. 'निकालाशी सहमत' म्हणजे निकाल मान्य, कारणं नाहीत; फोटोत लिहिणाऱ्याच्या शेजारी उभं राहायचं नाही. 'सहमत, तरी चार शब्द लिहितो' म्हणणाऱ्याला मुळात निकाल आपणच लिहायचा होता. आणि मतभेद लिहितो तो आजच्या माणसांसाठी लिहीत नाही, पुढं कधीतरी कोणी वाचेल म्हणून लिहितो. मुलं खदाखदा हसत आणि बाबा न हसता घास घेत.

थोरल्यानं फोन हिसकावून घेतला आणि चौदावा परिच्छेद शोधला. वाचता वाचता त्याच्या कपाळावरच्या आठ्या उलगडत गेल्या.

"अगं मधले! यात तर बाबांवर सरळ ठपका आहे. साक्ष वाचली नाही म्हणे! आणि तू हे मान्य केलं नाहीस? हे आधी नाही का सांगायचं? मी इथं उगाच घसा कोरडा करतोय. आत्या, बघितलंस? पोरगी बापामागं उभी राहिली!"

त्यानं पेपरची घडी घातली आणि चक्क तिच्यासाठी खुर्ची पुढं ओढली, ती आधीच बसलेली असतानाही. आत्यानं मात्र हातातला डाव खाली ठेवला.

"म्हणजे तू खरं ते वगळलंस," ती म्हणाली.

"आत्या, तसं नाही..."

"मग कसं?"

एवढ्यात खोलीचं दार उघडलं आणि बाबा बाहेर आले. हातात छापील कागदांचा गठ्ठा, भिंग खिशात. ते सावकाश चालत आले, आपल्या जागेवर बसले आणि गठ्ठा ताटाशेजारी ठेवला. मधलीकडे त्यांनी पाहिलं नाही. थोरला म्हणाला, "बाबा, मनाला लावून घेऊ नका, मधलीनं तुमच्यासाठी..." त्यांनी हात वर केला. तो गप्प झाला. कोर्टात तो हात वर झाला की मोठमोठे वकील गप्प होत, दंतवैद्याची काय कथा.

"मधले," ते म्हणाले. "जुनी नोंद वाचलीस?"

"पूर्ण वाचली."

"त्यात शेजारणीची साक्ष आहे?"

"आहे."

"काय म्हणते ती?"

"म्हातारा तिच्यासमोर बोलला होता. 'माझ्यामागं तू इथंच राहा, हे घर तुझंच समज.' तिनं स्वतः ऐकलं होतं."

"माझ्या निकालपत्रात त्या साक्षीचा एक शब्द आहे?"

"नाही, बाबा."

"मग चौदाव्यात चूक काय?"

मधली सावरून बसली. "त्यात म्हटलंय, साक्ष वाचली गेलेली दिसत नाही. उल्लेख नाही म्हणजे वाचली नाही, असं होत नाही. तुम्ही वाचली असेल, आणि विश्वास ठेवण्यासारखी वाटली नसेल."

"बरा युक्तिवाद आहे. मग लिहिलास का नाही?"

मधली ताटाची कड चाचपत राहिली.

"लिहिला नाहीस, कारण ते तुझं कारण नव्हतं. या टेबलावर कारण न देता असहमत होण्याला काय म्हणतात?"

"रुसवा," शेंडू म्हणाला. त्याच्या तोंडून ते आपोआपच निघालं. लहानपणी त्यानं तो शब्द इतक्यांदा ऐकला होता.

"तू वाचली होतीस की नाही रे भाऊ?" आत्यानं मध्येच विचारलं. असं मध्ये बोलायची छाती तिचीच.

बाबांनी चष्मा काढला. "आठवत नाही, अक्का. शुक्रवारपासून तेच आठवतोय. त्या बाईचा चेहरा आठवतो, वकिलाचा आवाज आठवतो. साक्ष आठवत नाही." त्यांनी चष्मा पुन्हा चढवला. "मधले, खरं कारण सांग."

"तुम्ही," मधली म्हणाली. "तुम्ही ते वाचाल आणि चहा तसाच गार होईल, हे मला दिसत होतं. मला नाही सहन झालं, बाबा. त्या पॅराखाली माझी सही नको होती. बस्स, एवढंच."

थोरल्याच्या डोळ्यांत पाणी आलं; तो तसा हळवाच होता, म्हणून तर एवढा ओरडायचा. बाबांनी गठ्ठ्याच्या कडा जुळवल्या.

"कारण चांगलं आहे," ते म्हणाले. "पण ते होतं, तर त्या बेंचवर बसायचं नव्हतं."

मधलीचे कान तापले. ते ओरडले असते, बोलणं टाकलं असतं, तर तिनं सोसलं असतं. त्याची तयारी करूनच आली होती. याची तयारी नव्हती. कारण ते बरोबर होतं, आणि तिला ते त्याच दिवशी, वरिष्ठांच्या दालनातून बाहेर पडताना कळलं होतं. कळूनही तिनं ती ओळ लिहिली होती.

"बाबा, हद्द झाली!" थोरला उसळला. "तिनं तुमच्यासाठी केलं!"

"म्हणूनच म्हणतोय." बाबांनी गठ्ठ्यातून एक पान काढून मधलीसमोर सरकवलं. "वाच. मोठ्यानं."

तिनं वाचलं. आवाज कोर्टातला काढायचा प्रयत्न केला, पण घरात तो लागेना. "'मूळ नोंदीत शेजारी राहणाऱ्या स्त्रीची साक्ष आहे. मृताचे शब्द तिने स्वतः ऐकले होते. आधीच्या निकालपत्रात या साक्षीचा उल्लेख नाही. ती वाचली गेलेली दिसत नाही. त्या घरात रोज येणे-जाणे असलेल्या एकमेव व्यक्तीचे म्हणणे विचारात न घेताच निकाल दिला गेला.'"

"आता मतं," बाबा म्हणाले. "मला मत नाही, मी पक्षकार आहे. लहानापासून."

हाही टेबलावरचाच नियम. मोठा आधी बोलला की धाकटा विचार करायचा थांबतो, म्हणून सुरुवात शेपटाकडून.

"सहमत," शेंडू म्हणाला. "रेषेवर माणूस उभा असताना त्याच्याकडे न बघता मी गोल दिला, तर मला मैदानातून हाकलतील. तसा माझ्या धंद्यात कारण द्यायचा रिवाज नाही, शिट्टी वाजली की संपलं. पण विचारलंत म्हणून."

मधलीची पाळी आली. तिनं पान नीट सरळ केलं.

"सहमत."

"काही वगळता?"

"काही वगळून नाही."

बाबांनी मान हलवली आणि थोरल्याकडे पाहिलं. त्याची गत मोठी मजेशीर झाली होती. सहमत म्हणावं तर बापावर ठपका, असहमत म्हणावं तर बापालाच विरोध. धरलं तर चावतं, सोडलं तर पळतं.

"असहमत," तो शेवटी म्हणाला.

"कारण?"

"कारणबिरण काही नाही."

"मग रुसवा."

"असू दे रुसवा! एकानं तरी रुसायला हवं ना तुमच्यासाठी?"

बाबांच्या ओठाचा एक कोपरा जरासा हलला. "नोंदवला," ते म्हणाले. "दोन विरुद्ध एक. परिच्छेद चौदा..."

"आत्या राहिली," मधली म्हणाली.

सगळ्यांनी वर पाहिलं. इतक्या वर्षांत या टेबलावर शेकडो मतं पडली असतील. सुट्टीत कुठं जायचं, शेंडूनं शिक्षण सोडावं का, दादाच्या दवाखान्याला जागा कुठली. प्रत्येक वेळी आत्या याच खोलीत होती आणि प्रत्येक वेळी ती वाढत होती. तिला कोणी 'मत देऊ नकोस' म्हणालं नव्हतं. विचारलंच नव्हतं.

"मला कशाला?" आत्या म्हणाली. "मी काय कोर्टातली आहे?"

"शेंडू तरी कुठं आहे?"

"अक्का," बाबा हळू म्हणाले. "बोल."

आत्यानं पदराला हात पुसले. "मत वगैरे मला नाही बाई. एक विचारायचंय. त्या बाईचं पुढं काय झालं?"

"कुठल्या?"

"घड्याळवाल्याच्या. तुझ्या निकालानंतर तिला घरातून काढलं ना? मग ती गेली कुठं?"

बाबांनी गठ्ठ्याकडे पाहिलं, जणू त्यात असेल. त्यात नव्हतं. मधलीला ठाऊक होतं, जुन्या नोंदीतही नव्हतं. तिघा न्यायमूर्तींनी त्या बाईवर इतकी पानं लिहिली होती, त्या निकालावरून तीन दिवस घर पेटलं होतं, आणि हे विचारायचं कोणाला सुचलं नव्हतं.

"माहीत नाही, अक्का."

"ते वाक्य तू याच टेबलावर लिहिलंस. मला आठवतं. मी तुला चहा आणून देत होते." तिच्या आवाजात राग नव्हता. बाजारात भाव काय होता ते सांगावं तसं तिनं सांगितलं. "मला तेव्हाच विचारायचं होतं. मग म्हटलं, काम करतोय, कशाला."

बाबांनी गठ्ठा बाजूला सारला. मग त्यांनी मधलीकडे पाहिलं, शुक्रवारनंतर पहिल्यांदा सरळ तिच्या डोळ्यांत.

"जुन्या नोंदीत पत्ता असेल?"

"त्या बाईचा नाही. शेजारणीचा आहे."

"असेल का ती अजून?"

"नसली तर तिची मुलं असतील."

"उद्या कोर्ट सुटल्यावर माझ्याबरोबर येशील? मला जिने चढताना धरावं लागतं हल्ली."

मधलीला एकदम रडू यायला लागलं. ते तिनं पाण्याच्या घोटाबरोबर गिळलं. "येईन, बाबा."

"मीही येणार," आत्या म्हणाली. "तू एकटा गेलास तर विचारायचं राहून जाईल तुझं."

यावर कोणी हसलं नाही, हसण्यासारखं असूनही. बाबांनी आपल्या शेजारची खुर्ची मागं ओढली. ती खुर्ची आईची. आई गेल्यापासून तिच्यावर वर्तमानपत्रं असत. थोरल्यानं पुढं होऊन ती वर्तमानपत्रं उचलली, आपला पेपरही त्यांतच टाकला आणि सगळी जमिनीवर ठेवली.

"बस, अक्का."

"अरे, वाढायचंय अजून."

"बस म्हणतो ना."

आत्या बसली, पण टेकली नाही. कोणी उठवेल अशी कडेला बसली. शेंडू उठला आणि त्यानं डाव उचलला. त्या दिवशी वाढायचं काम त्यानं केलं, आणि मीठ कमी आहे असं कोणी म्हणालं नाही.